रुखवतातलं घर

आजवर मला जे धक्के बसले, त्यांतले निम्म्याहून जास्त एकाच माणसाने दिले. मी मुळात पटकन दचकणारा माणूस आहे, असं माझी बायको म्हणते. आमटीत मीठ कमी पडलं तरी मी अरे बापरे म्हणतो. पण या गृहस्थांच्या बाबतीत तिचंही तोंड उघडंच राहायचं, तेव्हा दोष सगळा माझ्या स्वभावाचा नाही.

सिल्वासाला आमच्या धाग्याच्या कंपनीत ते पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. मी नाशिकहून खरेदी विभागात आलो, तेव्हा ते तिथे मुरलेले होते. मूळचे डहाणूकडचे. अंगाने काडी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लहान कात्री. आमच्याकडे सूत गुंडाळतात ते कागदी नळ्यांवर. चेपलेल्या, फुटलेल्या नळ्या भंगारात जायच्या आधी यांच्या नजरेखालून जात. चांगली नळी दिसली की हा माणूस हरखून जाई, आणि ती बाद झालेली निघाली की आणखी हरखे. त्या नळ्या रात्रभर भिजवायच्या, पदर सोडवायचे, वाळवायचे आणि त्यातून इवलीशी दुकानं, स्वयंपाकघरं, बसथांबे, न्हाव्याच्या खुर्च्या करायच्या, हा त्यांचा छंद. ऑपरेटर मंडळी त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे पुठ्ठाकाका. ते मला नाव घेऊन कधी हाक मारत नसत. 'काय हो नाशिककर,' असंच म्हणत.

पहिला धक्का मला त्यांच्या घरी बसला. जेवायला बोलावलं होतं. बैठकीत बसायला जागा नव्हती, कारण सोफ्यावर एक कागदी रेल्वे स्टेशन वाळत होतं. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून गप्पा मारत होतो. ओट्यावर वाडग्यात खिरीसारखं काहीतरी होतं. किंचित निळसर दिसलं, पण म्हटलं, कोकणात अशी करत असतील. वहिनींनी चव बघायला ठेवलीय अशा समजुतीने मी चमचा उचलला, तेवढ्यात त्या माउलीने झडप घालून माझा हात धरला.

"अहो, खळ आहे ती. मोरचूद घातलाय त्यात, किडे लागू नयेत म्हणून."

मी चमचा टाकून मागे सरलो. साहेब मात्र शांतपणे पुढे आले, वाडगा उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? चमचा कोरडा होता का तेवढं बघ. पाणी गेलं असेल तर खळ वाया."

त्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी पाणीसुद्धा वास घेऊन प्यायचो.

लग्नपत्रिकेचा कागद जाड आणि चांगला असतो, म्हणून पत्रिका हातात पडली की ते आधी कात्री काढत आणि मग वाचत. वरचा गणपती जपून कापून वेगळा ठेवत आणि असे बरेच गणपती जमले की दमणगंगेत सोडून येत. बाकीच्या पत्रिकेचं छप्पर नाहीतर जिना होई. एकदा अशीच तारीख छपरात गेली आणि हे सपत्नीक, आहेर घेऊन, भलत्याच दिवशी हॉलवर पोचले. तिथे एका गुजराती कुटुंबात बारसं चाललं होतं. हे जेवून आले. वहिनी सांगताना डोळे पुसायच्या, ते रागाने की हसून हे मला अजून कळलेलं नाही.

भजी चमच्याने खाणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. तेलकट हाताने कागद बिघडतो, म्हणून दिवाळीचा फराळही चमच्याने. चकलीसुद्धा. कोणाशी हात मिळवला की अंगठा हळूच समोरच्याच्या तळव्यावर फिरवून घेत. तळवा घामट निघाला तर त्या माणसाची त्यांच्या मनातली किंमत तिथल्या तिथे उतरे. मॅनेजरसाहेबांचा तळवा घामट होता. साहेब आपल्याला सहा महिने का टाळतायत, हे त्यांना कोणी सांगायचं?

आणि एक गोष्ट त्यांच्यापाशी कायदा होती. जे दिसलं तेवढंच करायचं. त्यात काही घालायचं नाही आणि काही लपवायचं नाही.

एकदा आम्ही सगळे बायकापोरं घेऊन वासोण्याला सिंह बघायला गेलो. जाळीच्या बसमधून फेरी मारली. सिंह उठला, आळस देऊन पुन्हा झोपला, पोरं किंचाळली. पुढल्या महिन्यात साहेबांनी त्या सहलीचा देखावा केला. बस आतून. खिडकीची जाळी तारेसारखी पिळलेल्या कागदाची, सीटवर फाटलेलं रेक्झिन, खाली लवंडलेली पाण्याची बाटली. बाहेर झाडं. सिंहाचा पत्ता नाही.

"अहो, सिंह कुठाय?" माझ्या बायकोने विचारलं.

"मी डावीकडे बसलो होतो. तो उजवीकडे होता. मला नाही दिसला."

"पण होता ना?"

"असेल की. मला दिसला नाही, मी केला नाही."

दुसऱ्या वेळी कंपनीत परदेशी पाहुणे येणार होते. मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून यांनी आमच्या कारखान्याची छोटी प्रतिकृती केली. यंत्रं, सुताच्या नळ्या अडकवायचे क्रील, ट्रॉल्या, सगळं असं हुबेहूब की आम्ही आपापल्या जागा शोधून खूश होत होतो. मॅनेजरसाहेब वाकून बघताबघता थबकले. जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूच्या पिचकारीचा तांबडा डाग होता.

"यह निकालो," ते म्हणाले.

"तुम्ही जिन्यातला पुसून घ्या सर, मी कागदावरचा लगेच काढतो."

आम्ही सगळे जमिनीकडे बघू लागलो. मला वाटलं, आता या माणसाची नोकरी गेली. पण दुसऱ्या दिवशी जिन्याला रंग लागला आणि कागदावरचा डागही त्याच संध्याकाळी गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. 

सिल्वासातल्या मराठी घरांत लग्न निघालं की रुखवत साहेबांकडून करून घेण्याची पद्धत पडली होती. रुखवत नवरीने स्वतः मांडायचं असतं, निदान तसं सगळ्यांनी म्हणायचं असतं. हल्ली मुली शिफ्टमध्ये काम करतात, त्यांना वेळ कुठला? मग आई म्हणायची, आमच्या मुलीनेच केलंय, आणि साहेब टेबलाजवळ हात मागे बांधून उभे राहून मान डोलवायचे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. फक्त त्यांची एक अट असे. विहीर, बैलगाडी, जात्यावर दळणारी बाई असलं काही ते करत नसत. "मुलगी स्कूटरवरनं लॅबमध्ये जाते, तिला बैलगाडी कशाला देताय?" असं म्हणत. ते नवरीचं सासर करत. ती ज्या घरात जाणार ते घर, खोल्यांसकट. त्यासाठी आधी ते घर एकदा बघून येत. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसायचं. वरपक्षाच्या बायका स्वतःचं स्वयंपाकघर एवढंसं झालेलं बघून लाजायच्या, हसायच्या, आणि कोण कुठे बसतं त्याच्यावरून नवरीची चेष्टा व्हायची. एका सासूबाईंना तर आपल्या देवघराचा कोनाडा बघून रडू आलं होतं.

माझी भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, तिथेच एका कंपनीत केमिस्ट होती. तिचं लग्न दादऱ्याच्या एका मुलाशी ठरलं. ते लोक खानदेशातले, बरीच वर्षं दादऱ्यात स्थायिक झालेले. वडील निवृत्त, आई घरी, मुलगा इंजिनीअर, स्वतःचं दुमजली घर. मुलगा शांत, भाचीशी रोज फोनवर बोलायचा. ती एकदा ते घर बघायला जाते म्हणाली तर ताईने तिला थांबवलं. लग्नाआधी मुलीने सासरचा उंबरा ओलांडू नये, हा ताईचा हट्ट. म्हणून घर बघायला मी आणि साहेब गेलो. मी चहापोहे खाल्ले. साहेबांनी पोहे चमच्याने खाल्ले, भिंती बघितल्या आणि गच्चीवर हवा खाऊन येतो म्हणून वर गेले. विहीणबाई लगबगीने उठल्या. "वर काही नाही हो, नुसती अडगळ आहे," म्हणाल्या. तोवर साहेब जिना चढून गेले होते आणि थोड्याच वेळात खालीही आले.

परत येताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "घरात माणसं किती सांगितली यांनी?"

"तिघं. आई, वडील, मुलगा."

"बरं," ते म्हणाले. मी वनगंगेच्या बागेपाशी नारळपाणी प्यायचं का विचारत होतो. माझं लक्षच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉलवर रुखवताच्या टेबलावर चादर घातलेली होती. भाची माझ्याकडची पिवळी साडी नेसून गौरीहराला बसली होती. वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या तशी चादर काढली. लाडू, करंज्या, क्रोशाचे रुमाल, आणि मधोमध दादऱ्याचं ते घर. खालच्या मजल्याचं कौतुक झालं. विहिणीच्या ओट्यावरचा मिक्सर, सोफ्यावरचे अभ्रे, सासऱ्यांच्या चपला. मग कोणीतरी वरच्या मजल्याकडे बोट केलं आणि हळूहळू बायका गप्प झाल्या.

वर एक खोली होती. तिचं दार बंद होतं आणि त्याला कडी होती, बाहेरून. दारापाशी जमिनीवर नखाएवढं ताट होतं, आणि त्यात अर्धवट खाल्लेली खिचडी.

मी दोनदा बघितलं.  अडगळीच्या खोलीला कोणी ताट ठेवत नाही. विहीणबाईंच्या तोंडाकडे बघितलं तर त्यांनी टेबलाची कड धरलेली होती.

मी साहेबांचा दंड पकडला आणि त्यांना खेचून बाजूला नेलं. "हे काय केलंत तुम्ही?"

"दिसलं ते केलं."

"मला का नाही सांगितलं? इतके दिवस होते."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही, ताई, दाजी, सगळ्यांनी बसून ठरवलं असतं. मोडायचं नाहीतर झाकायचं. तिला कोणी विचारलं असतं? रुखवत नवरीचं असतं, नाशिककर."

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला सांगू? एका मुलीच्या लग्नाच्या सकाळी, भरल्या हॉलमध्ये, हा माणूस कागदाच्या ताटात खिचडी वाढून मोकळा झाला होता. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वाट काढत भाची आली. गौरीहरावरून उठू नये म्हणतात, पण गप्प झालेला हॉल तिच्याही कानावर गेला असणार.

ती वाकली. तिने ती कडी बोटाने सरकवली, आणि ती सरकली, कारण साहेबांच्या कड्या खरोखर सरकायच्या. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. नुसता पांढरा कागद.

"काका, आत काही नाही केलं?"

"आतलं मला बघता आलं नाही गं."

भाची विहीणबाईंकडे वळली. "आई, इथे कोण राहतं?"

 उत्तर मागून आलं. नवरदेव मुंडावळ्या बांधलेला तसाच येऊन उभा होता. "माझा मोठा भाऊ," तो म्हणाला. "त्याचं मन ठिकाणावर नसतं. मध्ये मध्ये घरातून निघून जायचा. म्हणून."

"आता कुठे आहेत ते?"

"घरी."

"कोणाजवळ?"

तो खाली बघत राहिला. "ताट ठेवून आलोय," म्हणाला.

दाजींनी खांद्यावरचं उपरणं काढून खुर्चीवर टाकलं. "फसवलंत आम्हाला. हे लग्न होणार नाही." ताई मटकन खाली बसली. विहीणबाईंना तेव्हा कंठ फुटला. त्या रडत म्हणाल्या, "सांगणार होते हो मी. लग्न झालं की लगेच सांगणार होते. आधी सांगून कोण मुलगी देतं आम्हाला? दोन ठिकाणी सांगून बघितलं, पुन्हा फोनसुद्धा उचलला नाही कोणी." आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या बाईची चीड यायला हवी होती, पण मी एवढा हबकलो होतो की मला काहीच येत नव्हतं.

भाची नवरदेवाला म्हणाली, "तुम्ही रोज बोलत होता माझ्याशी. तुमच्या कंपनीच्या कँटीनमधलं मांजरसुद्धा माहितीये मला."

"आईने शपथ घातली होती."

"जा आणि त्यांना घेऊन या."

"इथे? एवढ्या लोकांत? तो कधी कधी ओरडतो."

"ओरडू देत. ते आले की मग मी काय ते ठरवीन. तोपर्यंत नाही."

गुरुजी पुढे होऊन म्हणाले की मुहूर्त टळेल. ती म्हणाली, "टळू दे, गुरुजी." गुरुजींनी पंचांग उघडलं आणि निमूटपणे पुढचा मुहूर्त शोधू लागले.

नवरदेव भावाला आणायला निघाला. दादरा काही लांब नाही. तरी तो वेळ सरता सरेना. आचारी विचारून गेला, पंगत धरू का.  भाची त्या टेबलाजवळच खुर्ची घेऊन बसली होती. ताई तिच्या कानाशी लागून परोपरीने सांगत होती, अजून वेळ गेलेली नाही, ऊठ, घरी जाऊ. ती ऐकत होती आणि उठत नव्हती. तिला ते लग्न मोडायचंय की करायचंय, हे मला, तिच्या सख्ख्या मामाला, कळत नव्हतं.

मग ते आले. नवरदेवाने भावाचा हात धरला होता. चाळिशीकडे झुकलेला माणूस, दाढी वाढलेली, अंगावर घाईने घातलेला इस्त्रीचा शर्ट, एक बटण वरखाली. हॉलमधल्या दिव्यांनी त्याचे डोळे मिटत होते. तो कोणावर ओरडला नाही. सगळे बाजूला सरकले तसा तो सरळ चालत टेबलापाशी आला, कारण वाट तिथेच जात होती. त्याने घर बघितलं. वाकून वरचं दार बघितलं. मग अगदी हलक्या हाताने ते दार लोटलं आणि कडी सरकवली. स्वतः बाहेर उभा राहून. नंतर कडी काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. आणि हसला.

हॉलमध्ये कोणाला तरी हुंदका आला. बहुतेक मलाच.

भाची उठली. तिने नखाने ती कडी कागदावरून उपटली आणि नवरदेवाच्या तळहातावर ठेवली. "घरातली काढाल?"

"काढतो."

"कधी?"

"आज. वरातीच्या आधी."

"आणि ते पुन्हा निघून गेले तर?"

"तर शोधून आणीन," तो म्हणाला.

"आणू," ती म्हणाली. तिने फक्त तेवढा एक शब्द दुरुस्त केला. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "मामा, चला. नेताय ना मला?"

मी साहेबांना शोधलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. सगळ्या गावाला धक्के देणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा धक्का बसलेला बघत होतो.

"नाशिककर," ते म्हणाले, "मला वाटलं, ती मोडेल. ती मोडेल म्हणूनच केलं होतं मी."

 मी त्यांच्या हातात मूठभर अक्षता दिल्या आणि भाचीला घेऊन बोहल्याकडे गेलो. एरवी ते मंगलाष्टकांना कधी पुढे येत नसत, रुखवताची राखण करत टेबलापाशीच थांबत. त्या दिवशी आले. नवरदेवाचा भाऊ कुठे उभं राहावं ते न कळून मध्येच थांबला होता, त्याच्या शेजारी जाऊन ते उभे राहिले.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिल्या ओळीच्या मध्यावरच त्या भावाने अक्षता फेकल्या. लोकांनी वळून बघितलं. सावधान यायला अजून बराच वेळ होता. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी अडखळून पुन्हा म्हणू लागले, तर याने पुन्हा भलत्याच जागी फेकल्या. आता मागून कोणीतरी च्यक् केलं, आणि नवरदेवाची मान खाली गेलेली मला अंतरपाटाच्या कडेने दिसली.

त्यानंतर तो भाऊ तिसऱ्यांदा हात वर करू लागला आणि त्याच्या बरोबरीने साहेबांनीही हात वर केला. दोघांच्या अक्षता एकदम पडल्या, भलत्याच जागी. साहेब ताठ उभे राहून लोकांकडे बघत होते, जणू रीतच तशी आहे. मी भाचीच्या मागे उभा होतो. मीही टाकल्या. मग ताईने टाकल्या, मग दाजींनी, आणि मग त्या हॉलमध्ये ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा अक्षता पडत राहिल्या. गुरुजी थांबले, आमच्याकडे बघितलं आणि मोठ्या आवाजात पुढचं म्हणू लागले.